पान उलटून पाहा: जुनी झुडपे आणि पानांवरचे ठिपके

भाद्रपद लागला की या सदराकडे येणारी निम्मी पत्रे ठिपक्यांची असतात. बहुतेकांचा प्रश्न एकच, 'कोणते औषध मारू?' त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. झाड कोणते, आणि ठिपका पानाच्या खालच्या बाजूने कसा दिसतो? पत्रात एवढे लिहिले असेल तर अर्धे उत्तर त्यातच असते. या वेळी निवडलेल्या प्रश्नांत पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण जुने घर घेणाऱ्या अनेकांची अडचण तीच आहे.

प्रश्न: रत्नागिरीजवळ आवारासह जुने घर घेतले. चिऱ्याच्या गडग्याला लागून आठ-दहा झुडपे आहेत, काही डोक्याहून उंच. नावे सांगणारे कोणी नाही आणि सध्या फुलेही नाहीत. गडद, चकचकीत पानांच्या दोन झुडपांना शेजारच्या काकू अनंत म्हणतात. एकाच्या पानांवर नारिंगी ठिपके आहेत, दुसऱ्याची पाने दुमडून तपकिरी पडतात. शिवाय एक लांब अरुंद पानांचे आणि एक बारीक संयुक्त पानांचे झुडूप आहे. फोटो जोडले आहेत. (रत्नागिरी)

उत्तर: दोन्हींपैकी एकच अनंत आहे. नारिंगी ठिपक्यांचे झुडूप अनंत आहे आणि पाने दुमडणारी तगर आहे. फुले नसताना या दोघांत चांगले जाणकारही फसतात, त्यामुळे काकूंना बोल लावू नका.

सुट्या पानावरून झुडूप ओळखायला जाऊ नये. टोकाचा कोंब शाबूत असलेली वीतभर डहाळी कापून उजेडात बसा आणि तीन गोष्टी पाहा. एका पेरावर पाने किती आणि कशी लागली आहेत, देठ मोडल्यावर चीक येतो का, आणि पान चुरगळल्यावर वास कसला येतो. आवारातल्या झुडपांपैकी बहुतेकांची नावे एवढ्यावर लागतात.

तगर आणि अनंत दोन्हींची पाने समोरासमोर असतात. अनंताला काही पेरांवर तीन-तीनही दिसतात. तगरीचा देठ मोडला की पांढऱ्या चिकाचा थेंब लगेच उभा राहतो. अनंताला चीक नसतो. चीक डोळ्याला लागू देऊ नका आणि हात धुवा. भर उन्हाळ्यात किंवा जून फांदीवर चीक कमी येतो, म्हणून ही परीक्षा कोवळ्या फांदीवर करायची. अनंताची दुसरी खूण पेरावर सापडते. समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध, खोडाला बिलगलेले पातळ पापुद्र्यासारखे आवरण असते. हे उपपर्ण टोकाच्या कोंबाजवळ सर्वांत स्पष्ट दिसते. एक्झोरा आणि कॉफी याच कुळातली, त्यांनाही ते असते. तगरीच्या जोडीतली दोन पाने बहुधा सारखी नसतात, एक मोठे तर एक लहान, आणि फांद्या दोन-दोन फाट्यांनी पसरत जातात. फुले आली की उरलासुरला संशय फिटेल. अनंताचे पांढरे फूल जुने होताना साईच्या रंगाचे आणि मग पिवळे होते, तगरीचे तसे पिवळे होत नाही.

अरुंद पानांच्या झुडपासाठी पेरावरची पाने मोजा. एका पेरावर तीन, जाड, चामड्यासारखी, मधली शीर ठळक आणि तिला जवळजवळ काटकोनात असंख्य बारीक शिरा, ही कण्हेर. पाने फांदीभोवती एकेक करून चढत गेलेली, जास्त तकतकीत, आणि मोडल्यावर भरपूर दुधी चीक, ही बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. तुमच्या फोटोत पेरावर तीन पाने दिसतात, म्हणजे कण्हेर. दोन्ही झाडे पानापासून बीपर्यंत विषारी आहेत आणि त्यांतले विष हृदयावर काम करते. छाटलेल्या फांद्या जाळू नका, बंबात तर मुळीच नाही, धूरही त्रासदायक असतो. गुरे-शेळ्या पोचतील अशा ठिकाणी ढीग लावू नका. आवारात पुढे बिट्टी निघाली आणि घरात लहान मुले असतील, तर खाली पडलेली तिची कठीण बाठ्याची फळे रोज वेचून टाका.

संयुक्त पानाचे झुडूप कामिनी आहे. तिला कुंतीही म्हणतात. एका पानात तीन ते नऊ गुळगुळीत पर्णिका आणि चुरगळल्यावर लिंबाच्या जातीचा वास. कढीपत्त्याचे पान याहून लांब, पर्णिका बऱ्याच जास्त, आणि त्याचा वास कोणाला सांगावा लागत नाही. पान उजेडासमोर धरले तर दोन्हींत तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात. तो रोग नव्हे, कुळाची खूण आहे.

आता ठिपक्यांकडे. अनंतावरचे नारिंगी ठिपके गोल, किंचित उंचावलेले आणि मखमलीसारखे दिसतात. नखाने खरवडले तर मखमल निघते आणि खाली करडा-तपकिरी डाग राहतो. हा तांबेरा हा बुरशीचा रोग नाही. सेफॅल्युरॉस नावाचे शैवाल पानावर वाढले आहे. तांबेऱ्याची भुकटी मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला असते आणि बोटाला हळदीसारखी लागते. चाफ्यावर तो सर्रास दिसतो, तुलना करून पाहा. शैवालाचे ठिपके कोकणच्या दमट हवेत आंबा, पेरू, अनंत अशा जाड पानांच्या झाडांवर येतातच आणि जुन्या झुडपाचे त्याने फारसे बिघडत नाही. झुडूप आतून गच्च झाले आहे, हवा खेळत नाही, एवढा त्याचा अर्थ. बहर संपला की सर्वांत जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत कापा. नुसते वरून शेंडे मारू नका, त्याने टोकाला आणखी दाट फुटवा येतो आणि आतला अंधार वाढतो. ठिपके फांद्यांवर उतरले किंवा पानगळ जास्त झाली तरच पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2.5 ग्रॅम या प्रमाणात, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा.

तगरीचे दुखणे वेगळे. दुमडलेले एक पान हळूच उघडा. आत हिरवट अळी, जाळ्याचे धागे आणि काळी बारीक विष्ठा सापडेल. अळी आत बसून पानाचा हिरवा थर खाते आणि उरलेला पापुद्रा तपकिरी होतो. लांबून तो करपा वाटतो आणि लोक बुरशीनाशक मारत बसतात, अळीला त्याचे काहीच होत नाही. दुमडलेले पान बोटांत दाबणे हाच उपाय सोपा. झुडूप फार उंच असेल आणि अळ्या शेकड्याने असतील तर अळ्या मारणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पावडर लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळी, गुंडाळ्या भिजतील अशी फवारा.

आणि एक विनंती. पहिले वर्षभर काही उपटू नका. प्रत्येक खोडाला क्रमांकाची पट्टी बांधा आणि कोणत्या महिन्यात काय फुलले, काय फळले ते वहीत लिहा. मे महिन्यात वाळल्यासारखी दिसणारी काडी पावसात अबोली किंवा कोरांटी निघण्याची शक्यता बरीच असते.

प्रश्न: गुलाबाच्या पानांवर दर पावसाळ्यात काळे ठिपके येतात, पान पिवळे होऊन गळते. दर आठवड्याला नीमतेल मारतो, तरी सप्टेंबरपर्यंत झाड खराटा होते. (पुणे)

उत्तर: नीमतेल मावा, पांढरी माशी अशा मऊ किडींसाठी बरे. या रोगाला ते पुरे पडत नाही. तुमचा रोग डिप्लोकार्पॉन बुरशीचा 'काळा ठिपका' आहे. ठिपक्याची कड पाहा, ती रेखीव नसते, शाई टीपकागदावर पसरावी तशी झालरदार असते. ठिपक्याचा मध्य राखाडी आणि कड जांभळी, रेखीव असेल तर ती दुसरी बुरशी, पण उपाय जवळपास सारखेच.

या बुरशीला पानात शिरायला पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. पावसाचे आपल्या हातात नाही, बाकीचे आहे. संध्याकाळी पाणी घालणे आणि पाइपने पाने धुणे बंद करा. पाणी सकाळी, आळ्यात. कुंड्या एकमेकींना चिकटून असतील तर हातभर अंतर ठेवा. जमिनीपासून 20-25 सेंटीमीटरपर्यंतची पाने काढून टाका, कारण मातीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांनी रोग तिथूनच वर चढतो. गळलेली पाने रोज उचला. एक दिवसाआड नाही, रोज.

फवारणी रोग दिसायच्या आधी, म्हणजे जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की सुरू करायची. मॅन्कोझेब 75 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, दर आठ-दहा दिवसांनी. हे पानावर थर धरून राहते, आत शिरत नाही, म्हणून जोराच्या पावसाने धुतले गेले की पुन्हा मारावे लागते. ठिपके वाढू लागले तर एक फेरी कार्बेन्डाझिम 50 टक्के, लिटरला 1 ग्रॅम. हे पानात शोषले जाते, पण सतत तेच मारले तर बुरशी त्याला सरावते. हंगामात दोनदापेक्षा जास्त नको.

प्रमाण चुकते ते चमच्यामुळे. स्वयंपाकघरातला चमचा पावडरीप्रमाणे कधी तीन, कधी सहा ग्रॅम भरतो. साध्या काट्यावर 10 ग्रॅम वजन करा आणि 5 लिटर पाण्यात वापरा, दोन ग्रॅम मोजायची कसरतच नको. आधी वाटीभर पाण्यात पातळ पेस्ट, मग उरलेले पाणी. स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारे द्रव, लिटरला अर्धा मिली. कंबरेएवढ्या झाडाला साधारण पाव लिटर द्रावण लागते. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. फवारल्यावर चार-पाच तास पाऊस नसावा. हातमोजे आणि मास्क वापरा, आणि फवारलेल्या झाडाची फुले गुलकंदासाठी घेऊ नका.

मुख्य छाटणी ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण उघडल्यावर. कोजागरीच्या सुमाराची ही जुनी चाल योग्यच आहे. ओल्या हवेत छाटले तर कापाच्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत येते. काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (कोंबाच्या) थोडे वर, तिरका, आणि त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट.

प्रश्न: आमच्याकडे सुपारीवर फळे कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात. उरलेले बागेतल्या झुडपांवर चालेल का? आणि थोडेसे घरी करायचे तर कसे? (फोंडा, गोवा)

उत्तर: ताजे असेल तर चालेल, कालचे नाही. बोर्डो केल्या दिवशीच वापरायचे. उभे राहिले की कण मोठे होतात, पानाला चिकटत नाहीत आणि नोझल तुंबते. फ्रान्समधल्या बोर्दो भागात द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी 1885च्या सुमारास ते पुढे आले, पण करायची रीत अजून तीच आहे.

सुपारीला एक टक्का लागतो. शोभेच्या झुडपांना अर्धा टक्का पुरे. दहा लिटरसाठी 50 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 50 ग्रॅम कळीचा चुना. विरवलेला चुना, म्हणजे भुकटी वापरत असाल तर 65 ग्रॅम घ्या, कारण तिच्या वजनात पाणीही आलेले असते. प्लास्टिकची किंवा मातीची दोन भांडी लागतात. लोखंड, पत्रा, जस्त काही नको. मोरचूद आदल्या रात्री कापडात बांधून 5 लिटर पाण्यात टांगून ठेवा, तळाशी टाकलेला सहज विरघळत नाही. चुना थोड्या पाण्यात विरवा, तो उकळतो, डोळे आणि हात सांभाळा. निवाल्यावर 5 लिटरपर्यंत पाणी घालून फडक्यातून गाळा. मग मोरचुदाचे पाणी बारीक धारेने चुन्यात ओता आणि सतत ढवळत राहा. चुना मोरचुदात एकदम ओतला तर मिश्रण फाटते, दही फाटावे तसे.

परीक्षा सोपी. घासून चकचकीत केलेले सुरीचे पाते मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस लेप आला तर मोरचूद मोकळा उरला आहे आणि पाने भाजतील. चुन्याची निवळी थोडी-थोडी घालून लेप येणे थांबेपर्यंत पुन्हा तपासा. सुरी अर्थातच परत स्वयंपाकघरात जाऊ नये.

कोवळ्या पालवीवर, भर उन्हात आणि पाने ओली असताना बोर्डो मारू नका. गुलाबावर ढगाळ, थंड हवेत तांब्यानेच जांभळे डाग पडतात आणि मग लोक रोग वाढला म्हणून आणखी मारतात. उरलेले द्रावण विहिरीकडे किंवा माशांच्या हौदाकडे जाता कामा नये, तांबे माशांना घातक आहे. भिंतीवरचे निळे डाग सहज निघत नाहीत, हेही आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न: सोसायटीच्या भिंतीलगत एक्झोराचे बारा वर्षांचे कुंपण आहे. जुन्या पानांवर जांभळट-तपकिरी ठिपके, नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या. माळ्याने दोनदा बुरशीनाशक मारले, फरक शून्य. (ठाणे)

उत्तर: फरक पडणार नव्हता, कारण बुरशी नाही. जुन्या आणि नव्या पानांवर वेगळी लक्षणे आहेत, हे तुम्ही नेमके टिपले आहे आणि निदान त्यातच आहे. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाची कमतरता. जुन्या पानांवर असे जांभळट-तपकिरी ठिपके ही एक्झोरात पालाशच्या (पोटॅशियमच्या) कमतरतेची ओळखीची खूण. एक्झोराला आम्लधर्मी माती आवडते. भिंतीलगत प्लास्टरचा चुरा, सिमेंट आणि चुना मातीत असतो, त्याने माती अल्कधर्मी होते आणि असलेले लोहही मुळांना उचलता येत नाही.

खात्री करायची तर झुडपाच्या बुंध्याजवळची मूठभर माती घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका. फसफसले तर चुना आहे. अशा मातीत साधे ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेले) फार टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे आणून लेबलप्रमाणे आळ्यात द्या. नव्या पानांवर तात्पुरता उपाय म्हणून फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड 1 ग्रॅम, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा फवारा. द्रावण ताजे आणि फिकट हिरवे असावे. गंजासारखे तांबडे झाले की टाकून द्या. फरशीवर पडले तर डाग कायमचा. पालाशसाठी सल्फेट ऑफ पोटॅश, मोठ्या झुडपाला 20 ते 25 ग्रॅम, पाऊस ओसरल्यावर ओल्या मातीत, बुंध्यापासून वीतभर लांब गोलाकार पसरून. वर दोन पाट्या चांगले शेणखत किंवा पालापाचोळा.

चुलीची राख घालू नका. तिच्यात पालाश आहे हे खरे, पण ती मातीचा अल्कपणा आणखी वाढवते. ठिपके पडलेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत, सुधारणा नव्या फुटव्यात दिसेल आणि तिला दोन-तीन महिने लागतील.

प्रश्न: कागदी लिंबाच्या पानांवर, फांद्यांवर आणि फळांवरही खरबरीत, फुगीर ठिपके आहेत, भोवती पिवळे वलय. शेजारी कामिनीचे कुंपण आहे, तिच्यामुळे का? (श्रीरामपूर)

उत्तर: हा खैऱ्या, जिवाणूजन्य रोग. फळावरही खपल्या असल्याने शंका उरत नाही. तो कामिनीमुळे आलेला नाही. कोवळ्या पानात नागअळीने केलेल्या जखमांतून आणि वारा-पावसातून तो शिरतो. रोगट फांद्या कोरड्या दिवसांत, पावसाळ्याआधी कापून जाळा. कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा. नवी पालवी निघताना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम. दुकानदार सोबत प्रतिजैविकाची पुडी देतो, घरच्या दोन झाडांसाठी ती घेऊ नये असे आमचे मत.

कामिनीवर लक्ष मात्र ठेवा. लिंबावरची सिट्रस सिला ही कीड तिच्या कोवळ्या शेंड्यांवरही वाढते, आणि लिंबूवर्गात ग्रीनिंग रोग तीच पसरवते.

प्रश्न: मोगऱ्याची पाने बारीक पिवळ्या ठिपक्यांनी फिकट झाली आहेत. (सोलापूर)

उत्तर: पांढरा कागद धरून त्यावर फांदी झटका. पडलेले ठिपके चालू लागले तर लाल कोळी. तीन दिवस रोज सकाळी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवा, बहुतेक वेळा तेवढे पुरते. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम चालते, पण सोलापूरच्या उन्हात पारा 35च्या पुढे असेल तर पाने भाजतात. नीमतेल मारल्यावर दोन-तीन आठवडे गंधक नकोच.

प्रश्न: कण्हेरीची पाने काळी पडली आहेत. (सांगली)

उत्तर: ओल्या फडक्याने पुसा. निघाली तर ती काजळी, वरच्या शेंड्यावरच्या पिवळ्याधमक माव्याच्या चिकट स्रावावर वाढलेली. मावा साबणाच्या पाण्याने धुतला की काजळी आपोआप सुकून झडते.

प्रश्न: ठिपक्यांची गळलेली पाने कंपोस्टमध्ये टाकावीत का? (नाशिक)

उत्तर: घरच्या ड्रमात उष्णता बुरशी मरण्याइतकी वाढत नाही, तेव्हा गुलाबाची आणि लिंबाची रोगट पाने नकोत. कण्हेर आणि बिट्टीची कोणतीच नकोत. अनंताची शैवाल लागलेली आणि एक्झोराची पालाश कमी पडलेली पाने खुशाल टाका. तगरीची टाकायची तर आधी गुंडाळी उघडून अळी काढा.